मुखपृष्ठावरची कंपनी आणि उधारीची वही

१९ ऑगस्ट २०१६, शुक्रवार. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीने जाहीर केलं की वेलस्पन इंडियाशी असलेला व्यवहार ती संपवते आहे. इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि उशांच्या अभ्र्यांत दुसराच कापूस निघाला होता. सोमवारी मुंबईचा बाजार उघडला आणि वेलस्पनचा शेअर वीस टक्के घसरून खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात घसरण्याच्या ठरलेल्या मर्यादेला, जाऊन बसला. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणी नाही. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची सूचना, लावून निर्धास्त राहिलेल्यांना त्या दिवशी कळलं, की ती शेवटी विकायची एक ऑर्डरच असते. समोर गिऱ्हाईक नसेल तर तीही बाकीच्यांसारखी रांगेत उभी राहते.

सोलापूरच्या वाचकाला ही बातमी जरा वेगळी लागते. टेरी टॉवेल हा इथला रोजचा माल; चादर आणि टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. रुईपासून टॉवेलपर्यंत माल किती हातांतून जातो हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही: जिनिंग, सूतगिरणी, सुताचा व्यापारी, रंगाई, वार्पिंग-सायझिंग, माग, शिलाई. प्रत्येक ठिकाणी बिल बदलतं, आणि सुताच्या कोनावरचं लेबल हा अखेर एक कागदच असतो. रंगवून, विणून, धुऊन झालेला टॉवेल नुसता हातात घेऊन त्यातल्या कापसाची जात सांगणं जवळपास अशक्यच. म्हणून ‘एवढ्या मोठ्या कंपनीत असं होतंच कसं’ हा सूर इथल्या मागवाल्याला भाबडा वाटला तर नवल नाही. त्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न येतो: त्या एका गिऱ्हाइकाचा विक्रीत वाटा किती? उत्तर होतं, सुमारे दहा टक्के. मग दहा टक्के विक्री गेली तर शेअर त्याच्या कितीतरी जास्त का पडावा? कारण बाजाराला धास्ती त्या दहा टक्क्यांची नव्हती. वॉलमार्टसारखे बाकीचे मोठे खरेदीदारही आता आपापली कपाटं तपासणार, ही होती. त्यांनी ती तपासायला घेतलीही.

बिझनेस मासिक वाचताना असा दुसरा प्रश्न सुचणं, माझ्या मते, छोट्या गुंतवणूकदाराची खरी कमाई. बातमी वेगाने मिळवण्यात तो कधीच पहिला येणार नाही. पाक्षिकातला लेख छापून हातात येईपर्यंत त्यातली माहिती भावात मुरलेली असते. पण एखादा धंदा जवळून पाहिलेला असला, मग तो सुताचा असो, साखरेचा, औषध दुकानाचा किंवा गॅरेजचा, की लेखात काय लिहायचं राहिलंय हे त्याला दिसतं.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचंच बघा. ‘फॉर्च्यून’ या अमेरिकी मासिकाने १९९६ पासून २००१ पर्यंत सलग सहा वर्षं एन्रॉनला अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी ठरवलं. गंमत म्हणजे त्याच मासिकाने मार्च २००१ मध्ये असाही लेख छापला, की नफ्याच्या सुमारे ५५ पट भावाने विकला जाणारा हा शेअर महाग तर नाही, आणि ही कंपनी पैसे नेमके कमावते तरी कशातून? म्हणजे मासिकं खोटंच लिहितात असं नाही. एकाच छताखाली शाबासकीही छापली जाते आणि शंकाही. आपण शाबासकीचं पान कापून ठेवतो.

पण महाराष्ट्रातल्या वाचकाला तर त्या लेखाचीही गरज नव्हती. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प मे १९९९ पासून नाफ्था या पेट्रोलियम इंधनावर वीज देत होता, ती वीज वीज मंडळाला परवडत नव्हती, बिलं थकली होती. या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल एप्रिल २००१ मध्ये आला, मे महिन्यात वीज घेणं थांबलं. एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला तो २ डिसेंबर २००१ ला. दाभोळमुळे एन्रॉन बुडाली असं म्हणणं चूक ठरेल. ती बुडाली हिशेबाच्या लबाडीने: करार झाला की पुढच्या कित्येक वर्षांचा अपेक्षित नफा आजच वहीत धरायचा, आणि कर्ज बाजूला काढलेल्या वेगळ्या संस्थांच्या नावावर टाकून ताळेबंदाबाहेर ठेवायचं. मात्र ‘सर्वांत कल्पक’ म्हणवणारी कंपनी स्वतःचा माल विकत घेणाऱ्याला तो परवडतोय का हे बघत नाही, एवढी गोष्ट चिपळूण-गुहागरपासून सोलापूरपर्यंत मराठी दैनिक वाचणाऱ्या कुणालाही सात-आठ महिने आधी समजलेली होती. ह्यूस्टनच्या या कंपनीचा शेअर इथून घेण्याची सोय तेव्हा नव्हती ही गोष्ट निराळी.

दुसरं उदाहरण नोकियाच्या मुखपृष्ठाचं. नोव्हेंबर २००७, ‘फोर्ब्स’: शंभर कोटी ग्राहक, या मोबाइलच्या राजाला आता गाठणार कोण? आयफोन त्याच्या पाच महिने आधी बाजारात आला होता. त्या वर्षी नोकियाने ४३ कोटींहून अधिक फोन विकले. जगात विकल्या जाणाऱ्या पाचांतले जवळपास दोन. सप्टेंबर २०१३ मध्ये हाच फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५.४४ अब्ज युरोंना विकायचं ठरलं, आणि २००७ मध्ये सबंध कंपनीची बाजारातली किंमत शंभर अब्ज युरोंच्या वर होती. लेख वाचून आज हसू येतं, पण लिहिणाऱ्याने आकडे खोटे दिले नव्हते. त्याने नग मोजले होते. नोकियाच्याच अहवालांत नगांच्या शेजारी एका फोनची सरासरी किंमत दिलेली असे, आणि ती खाली येत चालली होती. टॉवेलच्या धंद्यात हे लगेच कळतं. डझनांचा आकडा वाढतोय पण डझनाचा भाव उतरतोय, म्हणजे माल खपवायला भाव पाडावा लागतोय, किंवा भारी माल दुसऱ्याच्या दुकानातून जायला लागलाय.

यावरून ‘मुखपृष्ठावर आली की विका’ असं सूत्र काढणारे पुष्कळ आहेत. तेही कच्चंच. अमेरिकेतल्या ‘बिझनेसवीक’ने १३ ऑगस्ट १९७९ च्या अंकावर शेअर गुंतवणुकीचा मृत्यू जाहीर केला, याचा दाखला नेहमी दिला जातो. पण तो अंक वाचून दुसऱ्या दिवशी डाऊ जोन्स या अमेरिकी निर्देशांकातले शेअर विकत घेणाऱ्याला तीन वर्षं काहीच मिळालं नाही. तेव्हा ८७५ च्या आसपास असलेला निर्देशांक ऑगस्ट १९८२ मध्ये त्याच्याही खाली होता आणि महागाईने मधल्या काळात पैशाची किंमत खाल्ली होती. तेजी त्यानंतर सुरू झाली. मासिकाच्या उलट वागणं हेसुद्धा मासिकाच्याच तालावर नाचणं झालं.

आणि कंपनी उत्तम असूनही नुकसान होतं, त्याचं उदाहरण सिस्को, इंटरनेटची जोडणी करणारी यंत्रं बनवणारी अमेरिकी कंपनी. मार्च २००० मध्ये ही जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती, भाव सुमारे ८० डॉलर. इंटरनेट वाढणार हा अंदाज अगदी बरोबर ठरला. २००० मध्ये विक्री १८.९ अब्ज डॉलर होती, २०२० मध्ये ४९.३ अब्ज. भाव मात्र २००२ मध्ये नऊ डॉलरच्याही खाली गेला आणि वीस वर्षांनंतरही ८० ला परतलेला नव्हता. धंदा अडीच पट झाला, शेअरवाला तोट्यात राहिला. कंपनीत दोष नव्हता, तिच्यासाठी मोजलेल्या भावात होता. आजच्या चिपवाल्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांवरचे लेख वाचताना ‘हे तंत्रज्ञान टिकेल का’ एवढ्यावर थांबणाऱ्यांनी विक्री आणि भाव, हे दोन आकडे शेजारी मांडून बघावेत.

जाता जाता एक तक्रार. ‘अमुक कंपनीचं मूल्य तमुक देशाच्या जीडीपीहून मोठं’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मासिकात असतं. कंपनीचं बाजारमूल्य म्हणजे मागाची किंमत. जीडीपी म्हणजे त्या मागावर वर्षभरात विणलेलं कापड. कापडाचे वार आणि मागाची किंमत यांची तुलना करून काय मिळणार?

आता कामाचं. लेख वाचून एखादी कंपनी मनात भरली की वार्षिक अहवाल उघडायचा, आणि तो मागून वाचायचा. पुढची चाळीस पानं छायाचित्रं आणि अध्यक्षांचं मनोगत यांत जातात. भारतीय कंपन्यांचे अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट असतात, अमेरिकी कंपन्यांचे तिथल्या बाजार नियामकाच्या ‘एडगर’ या संग्रहात. अमेरिकी वार्षिक अहवालाला ‘टेन-के’ म्हणतात. त्यात चित्रं नसतात, आणि धोक्यांचं एक अख्खं प्रकरण कायद्याने द्यावं लागतं. मोठ्या गिऱ्हाइकावर कंपनी किती विसंबून आहे हे तिथेच सापडतं.

एक उदाहरण, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून रचलेले. कापड निर्यात करणारी एक कंपनी. विक्री ४०० कोटींची ४८० झाली, नफा २४ चा ३१. बातमी तयार: नफ्यात २९ टक्के वाढ. ताळेबंदात येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, १०० कोटींवरून १६० वर गेली आहेत, मालाचा साठा ६० वरून ९५ वर, आणि सूतवाल्यांचं देणं २० कोटींनी वाढलंय. घसारा, म्हणजे यंत्रांची वहीत धरलेली झीज, १४ कोटी. आता रोकड मोजू. नफा ३१, त्यात घसारा मिळवला की ४५, कारण घसाऱ्याचे पैसे कोणाला दिलेले नसतात. येण्यांत अडकलेले ६० वजा, साठ्यात अडकलेले ३५ वजा, दुसऱ्याच्या उधारीवर निभावलेले २० अधिक. उत्तर उणे ३०. कंपनीने ३१ कोटी कमावले आणि तिच्या गल्ल्यातून ३० कोटी गेले. ते आले बँकेच्या कॅश क्रेडिट या उचल खात्यातून, आणि त्याचं व्याज पुढच्या वर्षीच्या नफ्यातून जाणार.

येण्यांचे दिवस काढायचे तर येणी भागिले विक्री गुणिले ३६५. पहिल्या वर्षी ९१ दिवस, दुसऱ्या वर्षी १२२. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापड व्यापाऱ्याला एवढं सांगा. पुढचं तो सांगेल. एकतर माल जात नाही म्हणून जास्त उधारीवर ढकललाय, नाहीतर एखादं मोठं गिऱ्हाईक पैसे देईनासं झालंय. मार्चअखेरीला दुकानदाराकडे माल लोटून विक्री फुगवायची, आणि एप्रिल-मेमध्ये तो परत घ्यायचा, हा तिसरा प्रकार. याचा पत्ता पुढच्या तिमाहीत विक्री अचानक मंदावल्यावर लागतो.

यात फसगतही होते, ती अशी. साखर कारखान्याचा किंवा सूतगिरणीचा ३१ मार्चचा साठा पाहून दचकू नये. ऊस दिवाळीच्या सुमारास गाळायला सुरू होतो, मार्चपर्यंत गोदाम भरतं आणि साखर वर्षभर विकली जाते; कापसाचंही तेच, हंगामात घेऊन ठेवावा लागतो. म्हणून मार्चची तुलना मागच्या मार्चशीच करायची. सप्टेंबरचा ताळेबंद सप्टेंबरशी. भारतीय कंपन्या निकाल दर तिमाहीला देतात, पण ताळेबंद आणि रोकड प्रवाह सहा महिन्यांनीच, त्यामुळे जून आणि डिसेंबरच्या निकालांवर रोकडीबद्दल छातीठोक लिहिणारा लेखक अंदाजानेच लिहीत असतो. उलट बाजूने, येणी एकाएकी कमी दिसली तर खूश होण्याआधी टिपांमध्ये बिल डिस्काउंटिंग शोधायचं. बिलं बँकेला विकून येणी कमी दाखवता येतात. गिऱ्हाईक तेवढंच उशिरा देत असतं.

रोकड भरपूर दिसते तिथेही एक साधी कसोटी आहे. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं, की वहीतल्या ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. आदल्याच वर्षी उत्तम कारभारासाठी कंपनीला पारितोषिक मिळालं होतं. खोट्या पावत्या घरबसल्या ओळखता येतात असा माझा दावा नाही; ऑडिटरलाही त्या कळल्या नाहीत, किंवा कळून घ्यायच्या नव्हत्या. पण वर्षभरातलं व्याजाचं उत्पन्न भागिले सरासरी शिल्लक हा भागाकार कोणालाही करता येतो. मुदत ठेवीला सात टक्के मिळत असताना कंपनीची शिल्लक अडीच टक्के देत असेल, किंवा गल्ल्यात हजार कोटी असून ती नऊ टक्क्यांनी कर्ज काढत असेल, तर पुढचं पान उलटायचं नाही. आधी कारण शोधायचं.

गावच्या कंपनीची बातमी आली की हे सगळं विसरायला होतं. सोलापुरात मुख्यालय असलेली बालाजी अमाइन्स मिथेनॉल आणि अमोनियापासून अमाइन्स ही रसायनं बनवते; मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीला लागणारं रसायनही त्यात येतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चीनमध्ये विजेची टंचाई झाली, तिथलं रसायनांचं उत्पादन अडखळलं, भारतीय रसायन कंपन्यांवर मासिकांच्या पानांमागून पानं आली. शेअर पाच हजारांवर गेला. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत तो दीड हजाराच्या खाली आला. मधल्या काळात कारखाना कुठे गेला नव्हता, कामगार तेच, टाक्या त्याच. तयार मालाचा भाव आणि कच्च्या मालाचा भाव यांतलं अंतर २०२१ मध्ये अपवाद म्हणून रुंदावलं होतं, ते मिटलं. ज्या धंद्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तिथे शेअर सर्वांत स्वस्त दिसतो तो नफा शिखरावर असताना, कारण भाव भागिले नफा या अपूर्णांकातला खालचा आकडा फुगलेला असतो. अशा वेळी गेल्या सात-आठ वर्षांचा सरासरी नफा घेऊन गणित करावं. कंपनीचं शहरातलं मोठं हॉटेलही अहवालातल्या विभागवार माहितीत वेगळं दिसतं. त्यात भांडवल किती आणि नफा किती, हे दोन आकडे तिथेच शेजारी-शेजारी आहेत. लग्नाच्या हॉलची गर्दी बघून अंदाज बांधायची गरज नाही.

जागतिक बातमी आपल्या दारात येते तेव्हा ती कशी मोजायची, याचा धडा ऑगस्ट २०२५ ने दिला. २७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि कापड कंपन्यांचे शेअर सरसकट पडले. पण टॉवेलवाल्याचा पहिला सवाल ५० चा नसतोच. शेजाऱ्यावर किती, हा असतो. टॉवेलमध्ये आपली गाठ पाकिस्तानशी, त्याच्यावर त्या वेळी १९ टक्के होते. दुसरा सवाल, जहाजावर चढलेल्या मालाचं काय? त्या तारखेआधी जहाजात भरलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे उतरून सुटलेला माल वाढीव शुल्कातून वगळला होता. त्यामुळे सप्टेंबर तिमाहीचा निकाल बऱ्याच जणांचा बातम्यांच्या मानाने बरा दिसण्याजोगा होता, आणि खरा फटका कळायला पुढची तिमाही उजाडावी लागणार होती. शिवाय शुल्क भरतो तिकडचा आयातदार. तो आपल्या निर्यातदाराकडे सूट मागतो. सूट दिली तर विक्रीचा आकडा फारसा हलत नाही, नफा कापला जातो. निकालाच्या बातमीत विक्रीच आधी छापतात.

परदेशी कंपनीत पैसे घालायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिची भारतात नोंदलेली कंपनी. नेस्ले, हिंदुस्तान युनिलिव्हर, कोलगेट, पुण्याची कमिन्स. इथे मुख्य कंपनीला जाणारी रॉयल्टी, म्हणजे तिचं नाव आणि तंत्र वापरण्याचा मोबदला, बघायची. नेस्ले इंडिया १०० रुपयांच्या विक्रीवर साडेचार रुपये स्वित्झर्लंडला देते, आणि २०२४-२५ मध्ये भागधारकांसाठी कर जाऊन उरले साधारण सोळा. २०२४ मध्ये ही रॉयल्टी टप्प्याटप्प्याने सव्वापाचपर्यंत नेण्याचा ठराव आला आणि मे महिन्यात भागधारकांनी तो पाडला. अशा ठरावात मुख्य कंपनीचं मत धरलं जात नाही. म्हणजे घरबसल्या मोबाइलवर दिलेल्या मताला इथे किंमत असते. मतदानाचा ईमेल बहुतेक जण न उघडताच पुसून टाकतात, त्याची मला खरोखर चीड आहे.

अशा कंपन्यांचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला की पैसा कोणाकडे जातो ते पाहिल्याशिवाय लेखाचं दुसरं पान उलटू नये. ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाई इंडियाचा २७,८७० कोटींचा इश्यू आणि ऑक्टोबर २०२५ मधला एलजीचा ११,६०७ कोटींचा इश्यू, दोन्ही शंभर टक्के जुन्या शेअरची विक्री. सगळा पैसा कोरियाला. भारतातल्या कारखान्यात एक रुपया नाही. ह्युंदाई १,९६० ला दिली, पहिल्याच दिवशी खाली बंद झाली. एलजी १,१४० ला दिली आणि जवळपास दीडपट भावाने नोंदली गेली. रचना सारखी असून फरक पडला तो मागितलेल्या भावाने.

मोठ्या गुंतवणूकदाराने काय घेतलं, या बातम्यांचं वय मोजावं. अमेरिकी फंडांना तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत यादी द्यावी लागते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली खरेदी आपल्याला मेच्या मध्यावर वाचायला मिळते, आणि तोवर ती विकलीही असू शकते. आपल्याकडे तिमाहीनंतर २१ दिवसांत भागधारकांची यादी येते. तिच्यात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्यांचीच नावं असतात. एखाद्या दिग्गजाचं नाव गळालं की ‘बाहेर पडले’ अशी बातमी होते. प्रत्यक्षात १.०२ चे ०.९८ टक्के झाले असतील.

राहिला थेट अमेरिकी शेअर घेण्याचा मार्ग. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. वर्षात दहा लाख रुपयांच्या पुढे गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्रात तो परत मिळतो किंवा वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. डॉलर घेताना बँक बाजारभावाच्या वर जे लावते ते, आणि दर वेळचं पाठवणावळीचं शुल्क, ही खरी गळती आहे. दरमहा पाच हजार पाठवणाऱ्याला ती फार लागते. त्याने वर्षातून दोनदाच पाठवावे. खातं उघडताना ‘डब्ल्यू-एट बेन’ हा फॉर्म नीट भरला तर लाभांशावर ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जातो. सहीच्या वर्षानंतरची तीन कॅलेंडर वर्षं संपली की तो फॉर्म बाद होतो, हे लक्षात राहत नाही.

विवरणपत्रात सर्वांत जास्त चुका होतात त्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, हा तक्ता मात्र जानेवारी ते डिसेंबर. शेअर एकच असला, विकला नसला, लाभांश शून्य असला तरी तो भरावाच लागतो, आणि आयटीआर-१ मध्ये हा तक्ताच नाही. वर्षातली सर्वोच्च किंमत आणि ३१ डिसेंबरची किंमत, दोन्ही स्टेट बँकेच्या त्या दिवसाच्या डॉलर खरेदी दराने रुपयांत. लपवल्यास वर्षाला दहा लाख दंडाची तरतूद आहे. एकूण वीस लाखांपर्यंतच्या जंगम परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट मिळाली. तरीही तक्ता भरणं सुटलेलं नाही.

या कटकटीपेक्षा नॅसडॅकचा ईटीएफ, म्हणजे अमेरिकी निर्देशांकातले शेअर धरणारा आणि स्वतः शेअरसारखा विकला जाणारा फंड, आपल्याच डिमॅटमध्ये घ्यावा, असं बरेच जण सांगतात, आणि बहुतेकांसाठी ते ठीकही आहे. एक खोच आहे. म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवण्याची एकूण मर्यादा सात अब्ज डॉलरची, ईटीएफसाठी आणखी एक अब्जाची. ती भरत आली की फंडाला नवे युनिट काढता येत नाहीत आणि बाजारातला ईटीएफ त्याच्या खऱ्या किमतीच्या वर जातो. आत १५० रुपयांचा माल, बाजारात १६५. हा दहा टक्क्यांचा फुगा बसला, तर अमेरिकेचा बाजार जागेवर असूनही तुमचे नऊ टक्के गेले. ऑर्डर टाकण्याआधी फंडाच्या संकेतस्थळावर त्या क्षणाची ‘आय-नॅव्ह’, म्हणजे आतल्या मालाची खरी किंमत, बघायला अर्धा मिनिट लागतं.

रुपया घसरतो म्हणून डॉलरमधली गुंतवणूक आपोआप फळते, हेही अर्धंच खरं. २०११ च्या मध्यावर ४५ रुपयांचा डॉलर २०२३ अखेर ८३ वर होता, म्हणजे वर्षाला सुमारे पाच टक्के. भारतातली साधी मुदत ठेव त्या काळात याहून जास्त देत होती. मिळकत कंपनीने दिली तरच मिळते.

आणि मृत्यूपश्चातची गोष्ट, जिच्यावर मासिकं क्वचित लिहितात. अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या नावावर तिथले ६० हजार डॉलरहून जास्त किमतीचे शेअर असले आणि तो गेला, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत अमेरिकी वारसा कर लागतो, आणि वारसांना नऊ महिन्यांत तिथल्या कर खात्याकडे विवरण द्यावं लागतं. भारताशी या करापुरता करार नाही. भारतीय म्युच्युअल फंडातून हेच शेअर असतील तर मालक फंड असतो, त्यामुळे ही भानगड येत नाही. थेट घेतलेच असतील तर ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक, खरेदीच्या पावत्या आणि तो डब्ल्यू-एट बेन यांची छापील प्रत घरातल्या त्याच फाइलमध्ये असावी जिच्यात घरपट्टीच्या पावत्या असतात. पासवर्ड मोबाइलमध्ये असतो, आणि तो मोबाइल कोणाला उघडता येत नाही.